नळ बंद असताना जलवाहिनीत काय घडते?

विकसनशील देशांतील असंख्य शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते, तर काही ठिकाणी ते एक-दोन दिवसांआड सोडले जाते. जगभरात सुमारे १०० कोटी लोकांना असा खंडित पुरवठा होतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाणी अपुरे असल्याने ते वेळा ठरवून द्यावे लागते, असे कारण नेहमी दिले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. मात्र उरलेल्या तासांत रिकाम्या वाहिनीचे काय होते, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

भरलेल्या वाहिनीतील दाब बाहेरच्या ओल्या मातीतील पाण्याच्या दाबाहून अधिक असतो. त्यामुळे सांध्याला फट पडली तरी पाणी बाहेरच जाते. ते वाया जाते, पण दूषित होत नाही. व्हॉल्व्ह बंद होऊन दाब उतरला, की हीच फट बाहेरचे पाणी आत घेऊ लागते. दाट वस्त्यांत जलवाहिनी आणि सांडपाण्याचे गटार एकाच अरुंद गल्लीतून शेजारी-शेजारी गेलेले असतात, म्हणून आत शिरणारे पाणी कोणते असेल हे वेगळे सांगायला नको. त्यात घरोघरी थेट नळालाच पंप जोडलेले असले, तर पुरवठा चालू असतानाही वाहिनीत काही ठिकाणी दाब वातावरणाच्याही खाली जाऊ शकतो. शुद्धीकरण केंद्रात मिसळलेला क्लोरिन अशी घाण मारण्यात खर्ची पडतो आणि नळापर्यंत फारसा उरत नाही.

याहून कमी चर्चिली जाणारी गोष्ट म्हणजे घर्षण. वाहिनीतून जाणारा प्रवाह दुप्पट केला, तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट जवळजवळ चौपट होते. २४ तासांचे पाणी २ तासांत पाठवायचे, तर प्रवाह सरासरीच्या १२ पट आणि दाबाची घट सुमारे १०० पट होते. परिणामी टाकीजवळच्या घरांत नळ धो धो वाहतो, आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला किंवा उंचावर वसलेल्या वस्तीत एक हंडाही भरत नाही. गरिबांची घरे बहुधा अशाच जागी असतात, हे मला या साऱ्या गणितातील सर्वांत अन्यायकारक उत्तर वाटते. सुस्थितीतील कुटुंब जमिनीखाली टाकी बांधून आणि पंप बसवून खंड भरून काढते. ज्याच्याकडे भांडी ठेवायलाही जागा नाही, ते टँकरवाल्याकडून महाग पाणी घेते.

कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या सुमारे दहाव्या भागात अखंड पुरवठा सुरू झाला, तेव्हा तुलनेची दुर्मीळ संधी मिळाली. खंडित पुरवठ्याच्या भागातील नळांच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत विष्ठाजन्य ई. कोलाय जिवाणू आढळले. अखंड पुरवठ्याच्या भागात ते प्रमाण एक टक्क्याच्याही आत होते. आरोग्यावरील परिणाम मात्र इतका सरळ निघाला नाही. अतिसार एकंदरीत लक्षणीयरीत्या घटला नाही, पण विषमज्वराचे प्रमाण कमी दिसले आणि गरीब कुटुंबांत रक्तमिश्रित अतिसारही कमी आढळला. रोगजंतूंना पाण्याखेरीज इतर वाटाही मोकळ्या असतात, हे लक्षात घेता हा निष्कर्ष समजण्यासारखा आहे.

अखंड पुरवठ्यासाठी दुप्पट पाणी लागेल, ही भीती कंबोडियाच्या राजधानीने, नोम पेन्हने, बऱ्याच अंशी खोटी ठरवली. १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ (Ek Sonn Chan) या अभियंत्याकडे तेथील पाणीपुरवठ्याची सूत्रे आली, तेव्हा दिवसाला १० तास पाणी येत असे आणि शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाणी गळती, चोरी व हिशेबातील गोंधळात नाहीसे होत होते. त्यांनी जुन्या वाहिन्या बदलल्या, प्रत्येक जोडणीला मीटर लावले, नोंद नसलेल्या जोडण्या शोधून त्या नियमित केल्या आणि शहराचे भाग पाडून प्रत्येक भागातील गळती स्वतंत्रपणे मोजण्याची व्यवस्था उभारली. २०१० च्या सुमारास ही तूट ६ टक्क्यांच्या आसपास आली होती आणि पाणी चोवीस तास मिळत होते. गरीब कुटुंबांना जोडणीच्या शुल्कात सवलत आणि ते हप्त्यांनी भरण्याची सोय दिल्यामुळे, विक्रेत्यांकडून चढ्या दराने पाणी घेणारी अनेक घरे नळाच्या पाण्यावर आली.