कत्रिने लुंडे: दोन नियमांच्या मधली गोली

नॉर्वेच्या महिला हँडबॉल टीमची गोली, म्हणजे गोलकीपर, कत्रिने लुंडेबद्दल सध्या जे वाचायला मिळतं ते बहुतेक वयाबद्दल असतं, ४४ व्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड वगैरे. ते खरंच आहे, पण त्यामागे काय झालं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

जन्म ३० मार्च १९८०, नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं क्रिस्तियानसान. जुळी बहीणही नॅशनल टीमची, ती कोर्टवर आणि ही गोलात. कत्रिने २००२ मध्ये सीनियर टीममध्ये आली तेव्हा नॉर्वे १९९९ ची वर्ल्ड चॅम्पियन होती, पण ऑलिंपिक गोल्ड नव्हतं, १९८८ आणि १९९२ ला सिल्व्हरवर अडकलेले, आणि २००४ च्या अथेन्सला तर क्वालिफायच झाले नाहीत. मग २००८ बीजिंग, फायनलला रशियाला ३४-२७ हरवलं आणि पहिलं गोल्ड आलं, दोघी बहिणी टीममध्ये. २०१२ लंडनला पुन्हा गोल्ड. क्लबचं म्हणाल तर डेन्मार्कच्या व्हिबॉर्गकडून २००९ आणि २०१० ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा), हंगेरीच्या ग्योरकडून २०१३ आणि २०१४ ची.

आता मुद्दा. १ जुलै २०१६ पासून नियम बदलला आणि माझ्या मते गोलकीपरच्या कामाचे तिथे सरळ दोन तुकडे झाले. गोली बाहेर काढून तिच्या जागी, सहा जणींबरोबर, सातवी खेळाडू अटॅकला आणायची सोय आधीपण होती, पण त्या खेळाडूला गोलीच्या रंगाचा बिब, म्हणजे जर्सीवर चढवायचं बनियनसारखं कापड, घालावा लागायचा. नियमाच्या दृष्टीने तीच त्या वेळची गोलकीपर, त्यामुळे बॉल समोरच्या टीमकडे गेला तर ती धावत जाऊन गोलात उभी राहू शकायची. आणि बदली करायची तर बिबवालीच बाहेर जाणार, ती कोर्टच्या पलीकडच्या टोकाला असली तरी. त्यामुळे टीम हे क्वचित करायच्या, बहुतेक शेवटच्या मिनिटांत.

नव्या नियमात बिब ऐच्छिक झाला. बिब नसेल तर सातपैकी कुणीही गोली म्हणून गोलात उभं राहू शकत नाही, पण बेंचच्या जवळ जी असेल ती पटकन बाहेर आणि गोली आत. म्हणजे एखादीला दोन मिनिटांचं सस्पेन्शन, म्हणजे बाहेर बसायची शिक्षा, असलं तरी गोली काढून सहाच्या सहा जणी अटॅकला. कोचना हे फार आवडलं, डावपेच वाढले असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे हे मान्य. पण किंमत कोण मोजतं? कोर्ट ४० बाय २०, बदलीची जागा मधल्या रेषेपासून साडेचार मीटरपर्यंत, हिशोब केला तर गोलपासून तिथपर्यंत तिरकं अंतर जवळपास १८ मीटर भरतं. अटॅक सुरू झाला की तेवढं पळत बाहेर, बॉल गेला की तेवढंच पळत आत, वळून उभं राहायचं आणि लगेच सहा मीटरवरून येणारा शॉट बघायचा. धाप लागलेली असताना. आणि पोचायला उशीर झाला तर अर्ध्या कोर्टवरून रिकाम्या गोलात बॉल. मला तो गोल बघायला आजही आवडत नाही, तीनातला एक शॉट अडवला तरी चांगला दिवस मानतात अशा खेळात जिथे कुणी उभंच नाही तिथे टाकलेल्या बॉलला काय कौतुक?

असो, लुंडे तेव्हा ३६ ची होती. चौदा वर्षं जुन्या पद्धतीने खेळलेली. नियम लागू झाल्यावर साधारण महिन्याभराने रिओ ऑलिंपिक, सेमीफायनलला रशियाविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये ३७-३८ ने गेलं, ब्रॉंझ मिळालं. टोकियोला परत ब्रॉंझ. बऱ्याच जणांना इथे उतरण दिसते, पण त्याच काळात ती गावी परतून घरच्या क्लबकडून, व्हायपर्स क्रिस्तियानसानकडून, २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग जिंकत होती, म्हणजे एकूण सात, चार जुन्या नियमात आणि तीन नव्या. २०२१ चा वर्ल्ड कपपण नव्यातच.

२०२४ ला पॅरिसमध्ये पहिलीच मॅच स्वीडनकडून हरले. नंतर सगळ्या जिंकल्या. फायनल लिलला, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, समोर यजमान फ्रान्स जे वर्ल्ड आणि ऑलिंपिक दोन्हीचे चॅम्पियन होते, आणि त्यांना स्वतःच्या लोकांसमोर ६० मिनिटांत फक्त २१ गोल करता आले. २९-२१. पाच ऑलिंपिक, पाच मेडल, त्यातली तीन गोल्ड.

तो घरचा क्लब मात्र जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाला.