मोबाईलवरून कोडिंग एजंट चालवणे

दुसरीकडच्या संगणकावर काम करणाऱ्या एआय कोडिंग एजंटाला फोनवरून काम सांगणे, त्याच्या शंकांना उत्तर देणे आणि त्याने केलेले बदल तपासून मंजूर किंवा नामंजूर करणे, अशी ही कार्यपद्धती. एजंट फाइली वाचतो, कोड लिहितो, चाचण्या चालवतो, चाचणी फसली तर पुन्हा दुरुस्ती करतो. हे सारे त्या दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, घडते. फोनवर ये-जा असते ती मजकुराची.

अशा एजंटांपैकी अँथ्रॉपिकचे क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. ओपनएआयचा क्लाउडमध्ये चालणारा कोडेक्स आणि गूगलच्या ज्यूल्सची खुली चाचणी आवृत्ती त्याच वर्षी मे महिन्यात. एजंट सोडला तर बाकीची साधने जुनीच आहेत. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याचा एसएसएच हा मार्ग १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तयार झाला. संपर्क तुटला तरी सत्र जिवंत ठेवणारे टीमक्स २००७ चे, तर हलत्या नेटवर्कवर तग धरणारे मॉश एमआयटीतून २०१२ मध्ये आले. अँड्रॉइडवर ही साधने टर्मक्स या ॲपमध्ये चालतात.

विदर्भाच्या ग्रामीण भागात दूरनियंत्रण नवे नाही. वावरातली मोटार घरूनच सुरू करणारे मोबाईल स्टार्टर कास्तकारांनी केव्हाच बसवून घेतले, कारण शेतीची लाईन बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. मात्र स्टार्टरला चालू आणि बंद एवढेच कळते. एजंट उलट प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत अडून बसतो. म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर उभे राहून पाहायची गोष्ट म्हणजे एजंटाची सूचना, की त्याला परवानगी हवी आहे.

इथला कळीचा प्रश्न एजंट कुठे ठेवायचा हा. गावातल्या घरच्या संगणकावर ठेवला, तर पहिल्या वादळी पावसात लाईन जाते. इन्व्हर्टर असला तरी राउटरही त्यावर जोडलेला लागतो, आणि टॉवर बंद पडला तर त्याचाही उपयोग नाही. शिवाय सिमवरच्या इंटरनेटला सहसा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून घरच्या संगणकापर्यंत थेट पोचता येत नाही. टेलस्केलसारखे, वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर आधारलेले खासगी जाळे ही अडचण सोडवते. वीज मात्र ते देऊ शकत नाही. म्हणून दूरच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर बरा. यवतमाळहून वणीला जाणाऱ्या एसटीत रेंज आली-गेली तरी मॉश जोडणी सांभाळते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या दऱ्यांत रेंजच नसेल, तर फोन मुका होतो, पण दिलेले काम टीमक्समध्ये चालू राहते.

सूचना मराठीत बोलूनही देता येतात. गूगलने मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आणले. फाइलींची आणि फंक्शनांची नावे मात्र बहुधा हातानेच टाकावी लागतात.

या पद्धतीची खरी अडचण नेटवर्कची नसून वाचनाची आहे. शेकडो ओळींचा बदल तळहाताएवढ्या पडद्यावर नीट वाचला जात नाही, आणि ‘नेहमी परवानगी द्या’ हे बटण अंगठ्याच्या अगदी जवळ असते. कंटाळून ते दाबणे म्हणजे तपासणीच सोडून देणे. त्यामुळे फोनवरून लहान आणि मोजकी कामे द्यावीत: एक दोष, एक चाचणी, एक फाइल. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात एजंटाला वेगळी शाखा द्यावी आणि मुख्य शाखेत विलीन करण्याचे काम मोठ्या पडद्यासमोर बसेपर्यंत राखून ठेवावे. एजंट वेबपाने वाचत असेल तर त्यांत दडवलेल्या सूचनाही तो पाळू शकतो. म्हणून ग्राहकांचा डेटा आणि पैशांच्या व्यवहाराच्या चाव्या त्या सर्व्हरवर असूच नयेत.

अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारे टर्मक्स बंद करू शकते. त्यावर फोनला झोपू न देणारा ॲपमधला ‘वेकलॉक’ बऱ्याचदा उपयोगी पडतो. एसएसएचला पासवर्डऐवजी किल्ली, म्हणजे फोनमध्ये ठेवलेली ओळखीची गुप्त फाइल, वापरावी, तिलाही सांकेतिक वाक्य लावावे, आणि प्रत्येक फोनची किल्ली वेगळी ठेवावी. आठवडी बाजारात फोन हरवला, तर सर्व्हरवरच्या यादीतली त्या किल्लीची एक ओळ खोडली की त्या फोनला पुन्हा आत शिरता येत नाही. नुसते सिम बंद करून हे साधत नाही, कारण किल्ली फोनमध्ये असते आणि वायफायवरही चालते.