ब्लेड लागत नाहीये की स्पिंडल ओरडतंय? राइडिंग मॉवर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

राइडिंग मॉवरच्या, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनच्या, दोन तक्रारी आमच्याकडे सारख्या येतात, एक म्हणजे ब्लेड चालूच होत नाहीत किंवा चालता चालता मध्येच बंद पडतात, आणि दुसरी म्हणजे डेकमधून (ब्लेड झाकणाऱ्या खालच्या पत्र्याच्या भागातून) घरघर नाहीतर किर्र असा आवाज येतोय. लोक या दोन्ही वेगळ्या धरतात पण पुष्कळदा मूळ एकच निघतं. स्पिंडलचं, म्हणजे ब्लेड ज्या शाफ्टवर फिरतं त्याचं, बेअरिंग जॅम व्हायला लागलं की ते बेल्टला धरून ठेवतं, बेल्ट घसरतो आणि जळतो, इंजिनची ताकद बेल्टला जोडणारा क्लच तापतो, मग माणूस क्लच गेला म्हणून नवीन क्लच बसवतो, तो तर सगळ्यात महाग पार्टांपैकी एक, आणि बेअरिंग तसंच राहिल्यामुळे नव्या क्लचचीही तीच गत होते. म्हणून सांगतो, पार्ट घ्यायच्या आधी नक्की काय पहिलं बिघडलं ते शोधा.

काहीही उघडायच्या आधी चावी काढा, हँडब्रेक लावा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा आणि दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही प्लगच्या काढा. जाड हातमोजे घाला. बेल्ट लावलेला असेल तर एक ब्लेड हाताने फिरवलं की दुसरंही फिरतं हे लक्षात ठेवा, बोटं तिथेच अडकतात. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली कधीच जायचं नाही, खाली पक्के स्टँड हवेतच.

आता पहिलं काम कानाचं. ब्लेडचं बटण ओढल्यावर इंजिन बंद पडत असेल तर कसं बंद पडतंय ते ऐका. चावी फिरवल्यासारखं पटकन, काही कण्हणं नाही काही नाही, असं बंद झालं तर तो सेफ्टी स्विचचा मामला असतो, बहुतेक सीटखालचा स्विच किंवा त्याचं गंजलेलं, सैल झालेलं कनेक्टर. तुम्ही उताराला किंचित उचलले गेलात तरी असं होतं. रिव्हर्स टाकल्यावरच बंद पडत असेल तर बऱ्याच मशीनमध्ये ती मुद्दाम दिलेली सोय आहे, बिघाड नाही. पण इंजिन आधी दबतं, आवाज जड होतो आणि मग गचके खात बंद पडतं, तर समजा खाली काहीतरी अडलंय, डेकमध्ये ओलं गवत कोंबून बसलंय, बेल्ट पुलीच्या बाहेर जाऊन अडकलाय किंवा स्पिंडल जॅम झालंय. सीटचा स्विच वायर जोडून कायमचा बायपास करायला आम्हाला सांगू नका, आम्ही ते करत नाही. माणूस सीटवरून पडला तर फिरती ब्लेड थांबवणारी तीच एक गोष्ट असते.

इंजिन मस्त चालतंय पण ब्लेड फिरतच नाहीत, असं असेल तर तुमच्या मशीनला इलेक्ट्रिक क्लच आहे की हाताने ओढायचा लिव्हर ते आधी बघा. लिव्हरवाल्यात भानगड कमी असते, केबल ताणून लांब झालेली असते, स्प्रिंग तुटलेली असते नाहीतर बेल्ट ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीचा हात गंजून जागेवरच अडकलेला असतो, त्यामुळे बेल्टला ताणच येत नाही. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील किंवा भेगा पडल्या असतील तर बेल्ट बदला, आणि मापाला बसतो म्हणून कुठलाही साधा बेल्ट टाकू नका, मॉवरचा बेल्ट सारखा घसरणं आणि झटके सहन करायला वेगळा बनवलेला असतो, साधा बेल्ट लवकर ताणतो नाहीतर तुटतो.

इलेक्ट्रिक क्लच असेल तर इंजिन बंद ठेवून, चावी फक्त ऑनवर करून, कोणाला तरी सीटवर बसवून बटण ओढायला सांगा. इंजिनच्या खालच्या बाजूने टक असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज बघा, मग क्लचचं कनेक्टर जोडलेलंच ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं लावून व्होल्टेज मोजा. चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि क्लचपाशी जवळपास तेवढंच मिळायला हवं, एक-दीड व्होल्ट कमी आलं तर मधला स्विच, कनेक्टर किंवा अर्थिंग खराब आहे, क्लच नाही. व्होल्टेज बरोबर आणि तरी टक नाही, तर कनेक्टर काढून क्लचच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक क्लचमध्ये तो २ ते ४ ओहमच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ दाखवत असेल तर शॉर्ट आहे, आणि मग फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतोय तेही कळलं.

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी केस म्हणजे सकाळी थंड असताना ब्लेड झकास चालतात आणि अर्ध्या तासाने सुटतात, थोडं थांबलं की परत चालतात. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, ओढ कमी पडते, आणि त्यात क्लच झिजून त्याच्या चकत्यांमधली फट वाढलेली असेल तर ती कमी झालेली ओढ पुरत नाही. ज्या क्लचवर फट अॅडजस्ट करायचे तीन नट असतात तिथे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून क्लचच्या तिन्ही खिडक्यांत सारखी फट ठेवायची, साधारण ०.४ मिलिमीटर, तरी मॅन्युअल बघूनच. त्याआधी चार्जिंग मात्र तपासा, इंजिन पूर्ण थ्रॉटलवर असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ वरून खाली खाली येत असेल तर दोष चार्जिंगचा आहे, क्लच बिचारा उपाशी चाललाय.

एक उलटी तपासणी पण करा. बटण दाबून ब्लेड बंद केल्यावर ५ सेकंदांच्या आत थांबली पाहिजेत. त्यापेक्षा जास्त वेळ फिरत राहिली तर ब्लेड थांबवणारा ब्रेक झिजलाय, दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरू नका.

आता स्पिंडल. बेल्ट उतरवा आणि एकेक स्पिंडल हाताने फिरवा, बेल्ट लावलेला असताना हे कळतच नाही कारण सगळी एकमेकांना ओढतात. चांगलं स्पिंडल गुळगुळीत, आवाज न करता फिरतं. आत वाळू भरल्यासारखं खरखरत असेल, मध्येच अडत असेल तर बेअरिंग गेलंय. मग ब्लेडचं टोक धरून वरखाली हलवा, खेळ लागला की तेच. आयडलर पुल्याही याच वेळी फिरवून बघा, कित्येकदा किंचाळत असते ती आयडलर आणि बिचारं स्पिंडल फुकट उघडलं जातं. काम करून आल्यावर एखादं हाउसिंग बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तरी तोच इशारा.

बेअरिंग मरतं कशामुळे, तर आम्ही उघडलेल्या स्पिंडलमध्ये ब्लेडच्या वर शाफ्टला गुंडाळलेली दोरी, तार, लांब गवत हेच जास्त सापडतं, ते सील फाडतं आणि मग धूळ-पाणी आत जातं. दुसरं कारण प्रेशरने डेक धुणं. सीलवर थेट फवारा मारला की पाणी आत आणि ग्रीस बाहेर, आठवड्यात गंज. तिसरं वाकलेलं किंवा एकाच बाजूने घासलेलं ब्लेड, त्याच्या थरथरीने बेअरिंग हळूहळू फुटतं, म्हणून धार लावल्यावर बॅलन्स बघाच. ग्रीस निपल असेल तर दोन-चार दाब पुरे, सील फुगेपर्यंत मारू नका.

बेअरिंग स्वतः बदलणार असाल तर जुन्याच्या कडेवरचा नंबर वाचा, पुष्कळ स्पिंडलमध्ये ६२०३ किंवा ६२०४ असतं, दोन्ही बाजूंनी रबर सीलवालंच घ्या आणि वरचं-खालचं दोन्ही एकदमच बदला. हाउसिंगमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आतल्या रिंगवर हातोडा मारला की नवीन बेअरिंग बसवतानाच खराब होतं. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) विसरू नका, तो नसेल तर नट आवळल्यावर सगळा ताण बेअरिंगवर आडवा येतो आणि थोड्याच कामात ते परत ओरडायला लागतं. नवीन बेअरिंग हाउसिंगमध्ये हाताने सहज सरकत असेल तर आतली जागा झिजलीय, तिथे चिकटवण्याचे उद्योग न करता पूर्ण स्पिंडल असेंब्ली घ्या. हाउसिंगला किंवा डेकच्या पत्र्याला बोल्टजवळ चीर असेल तरी तसंच, पत्र्याची चीर वेल्डिंग करून घेतल्याशिवाय नवीन स्पिंडल लावू नका.

आम्हाला फोन कराल तेव्हा मॉडेल नंबर हाताशी ठेवा, तो बहुतेक सीटखाली असतो, आणि डेकची रुंदी, ब्लेडच्या मधल्या भोकाचा आकार आणि स्पिंडलला किती बोल्ट आहेत हे सांगा. त्रास थंड असताना होतो की तापल्यावर, आणि इंजिन पटकन बंद पडलं की दबून, एवढं सांगितलंत तरी निम्मं निदान फोनवरच होतं आणि आम्ही येताना बरोबर पार्ट घेऊन येतो.