खडकवासल्याचं पाणी आणि दोन फुटांची टाकी

काचेची टाकी, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं आणि पिशवीत भरलेले आठ मासे हे सगळं दुकानात एका फेरीत मिळतं. रविवारी टाकी भरते. पुढच्या रविवारपर्यंत निम्मे मासे उलटे तरंगायला लागतात, आणि दुकानदार सांगतो, ‘पाणी बाधलं.’ त्याचं म्हणणं खरं असतं, पण अर्धंच. पाणी नवीन होतं, म्हणून बाधलं.

मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजकं पान यांतूनही अमोनियाच सुटतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ मारक आहेत, तिसरा बराच निरुपद्रवी आहे आणि झाडं तो खातात. (नायट्रोस्पिरा कुळातले काही जिवाणू ही दोन्ही कामं एकटेच करतात, हे २०१५ मध्ये कळलं. त्यावर काम करणाऱ्या दोन चमूंपैकी एकाला ते मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच सापडले.) नव्या टाकीत हा थर नसतो. तो बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढा वेळ टाकी माशांविना चालवायची, ही या छंदातली सगळ्यात अवघड पायरी. अवघड ती फक्त घरातल्या मुलांमुळे.

झाडं, गोगलगाई, लहान चेरी कोळंबी आणि शेवटी मासे ठेवायचे, तर सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्यावी. याहून लहान गोल भांडं स्वस्त पडतं, पण त्यात एक चूक पचायलाही पाणी पुरत नाही. या मापाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतात. खडी घालून वर इंचभर जागा सोडली की ४५ लिटर पाणी उरतं. काच, खडी, पाणी मिळून वजन ७० किलोंच्या पुढे जातं, तेव्हा टीपॉय किंवा शोकेसची फळी चालणार नाही. टाकीखाली थर्माकोलची शीट घालावी, आणि खिडकीतलं थेट ऊन टाळावं, नाहीतर पंधरा दिवसांत पाण्याचं हिरवं सरबत होतं.

दोन ते चार मिलिमीटरची साधी, रंग न दिलेली खडी १८ किलो लागते. पुढे दोन इंच, मागे तीन इंच असा उतार करायचा. ती बादलीत घोळून पाणी नितळ होईपर्यंत धुवायची. गच्चीवरच्या बागेसाठी नर्सरीतून आणलेली माती खडीखाली घालण्याचा मोह पुण्यात फार होतो. त्या मातीत शेणखत असतं आणि ते महिनोन्महिने अमोनिया सोडत राहतं. पहिल्या टाकीला माती नकोच. मुळांतून खाणाऱ्या झाडांपाशी खडीत खताच्या गोळ्या खोचल्या की काम भागतं.

सजावटीला दगड विकत घ्यायची गरज नाही, आपल्याकडचा काळा बेसाल्ट उत्तम. पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, ते पाहून घ्यावेत. वाघोलीच्या खाणींत निळं कॅव्हन्साइट सापडतं तेही अशाच पोकळ्यांत. पांढऱ्यांपैकी बहुतेक झिओलाइट असतात आणि पाण्यात तसेच राहतात, काही मात्र कॅल्साइट असतात. स्फटिकावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून भिंगातून बघा. बारीक बुडबुड्यांची रांग उठली तर ते कॅल्साइट. ते पाण्यात सावकाश विरघळून क्षार वाढवतं. थोडं असेल तर कोळंबीला उलट फायद्याचं, पण दगडभर असेल तर तो दगड बाहेरच ठेवावा.

आता पाणी. पुण्याच्या नळाला मुख्यतः खडकवासला साखळीतलं, म्हणजे टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला धरणांतलं पाणी येतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस बेसाल्टवरून वाहत येतो. चुनखडी वाटेत भेटत नाही, म्हणून हे पाणी मृदू असतं. साबणाला भरपूर फेस येतो, बादलीला पांढरी पुटं चढत नाहीत. बोअर किंवा टँकरच्या पाण्याचं याच्या अगदी उलट. मोठ्या सोसायट्यांत दोन्ही एकाच टाकीत पडतात, वर सॉफ्टनर बसवलेला असतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो. टीडीएसच्या (विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या) पेनाला हा फरक कळत नाही, आकडा तोच दाखवतो. कोळंबीला तो कळतो. म्हणून पेनावर विसंबू नका. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमची कठीणता) आणि केएच (आम्ल झेलण्याची ताकद) अंशांत मोजणारी थेंबांची किट घ्या.

मृदू पाण्याची खोड टाकी तयार होत असतानाच दिसते. जिवाणूंना खायला म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड वापरावं. हाच आपला नवसागर, पण बाजारातला शुद्ध असेलच असं नाही. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातले २८ मिली टाकले की ४५ लिटरमध्ये लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. अमोनिया मोजणाऱ्या किटची नळी पिवळ्याची हिरवी होते. काही दिवसांनी हिरवा उतरतो आणि नायट्राइटची नळी जांभळी व्हायला लागते. अमोनिया संपला की पुन्हा २८ मिली. बऱ्याच जणांचं गाडं इथवर नीट येतं आणि अचानक अडतं: नायट्राइट आठवडाभर हलत नाही, की लोक जिवाणूंची बाटली विकत आणतात.

जिवाणू कमी पडलेले नसतात, केएच संपलेला असतो. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि २८ मिलीचा प्रत्येक डोस पाऊण अंशाच्या आसपास केएच खातो. नळाच्या पाण्यात मुळात दोन-तीन अंशच असले तर तीन-चार डोसांत खडखडाट. मग पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. पाव चमचा, म्हणजे सव्वा ते दीड ग्रॅम खायचा सोडा ४५ लिटरला एक अंश केएच देतो. कपभर पाण्यात विरघळवून ओतायचा, दुसऱ्या दिवशी मोजायचं, लागला तर पुन्हा. २८ मिली टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग अर्धं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढून टाका.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, त्यांची वेगळी आहे. पीएच ७ असताना अमोनियाच्या शंभर भागांतला एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला, आपल्याकडच्या तापमानात, सहा-सात. त्यामुळे तितकाच अमोनिया त्यांच्या टाकीत कितीतरी जास्त मारतो.

सगळ्यात सोयीचं म्हणजे मिश्रण. समजा नळाचा जीएच ३ आला आणि बोअरचा १८. चार बादल्या नळाचं आणि एक बादली बोअरचं (सॉफ्टनरच्या आधीचं) मिसळलं की जीएच ६ होतो. चेरी कोळंबी, गोगलगाय आणि बहुतेक लहान मासे या आकड्यावर सुखाने राहतात.

क्लोरीन काढायला नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावं, किंवा हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरावा. १० ग्रॅम हायपोचे खडे १०० मिली पाण्यात विरघळवायचे आणि दहा लिटरच्या बादलीला एक मिली टाकायचं. महापालिका दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ‘उशिरा व कमी दाबाने’ पाणी येतं, त्या दिवशी नळाला गढूळ पाणी येऊ शकतं. पाणी बदलायचा वार रविवार ठेवला की हा प्रश्नच राहत नाही.

फिल्टरसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज घ्यावा. जोरात ओढणाऱ्या फिल्टरमध्ये कोळंबीची पिल्लं सरळ आत जातात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. सगळ्या वायरींना प्लगच्या खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल.

दिव्याचा फार बाऊ करू नये. सोप्या झाडांना ९-१० वॉटचा, ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी पुरतो. टायमरवर पहिला महिना सहा तास, नंतर आठ. रोज बारा तास दिवा जळत असेल, तर शेवाळ आलं म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

झाडं पहिल्याच दिवशी लावावीत, कारण तीही अमोनिया शोषतात. व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन, हायग्रोफिला, ब्राह्मी (तीच, कुंडीतली, पाण्याखालीही वाढते), अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस एवढ्यावर टाकी भरते. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं जाड खोड खडीत पुरलं की कुजतं. दोऱ्याने दगडाला बांधा. क्रिप्टोकोरिनची पानं दुसऱ्या आठवड्यात विरघळल्यासारखी गळतात. घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. ‘लकी बांबू’ आणि सिंगोनियम पाण्यातली झाडं म्हणून विकतात. ती बुडवून ठेवली तर हळूहळू सडतात. बाहेरून आणलेली झाडं टाकीत लावण्याआधी आठवडाभर बादलीत, पाणी बदलत ठेवावीत. पानांवरच्या कीटकनाशकाने माशाला काही झालं नाही तरी कोळंबी मरते.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होतं, तिसऱ्यात काचेवर तपकिरी थर येतो. दोन्ही आपोआप जातात. सगळं पाणी ओतून टाकी घासली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

टाकी तयार झाल्यावर आधी गोगलगाई. नेराइट शेवाळ उत्तम खाते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही. पांढरी ठिपक्यांसारखी अंडी मात्र दगडांवर चिकटवून ठेवते. रॅम्सहॉर्न वाढते, आणि किती वाढते यावरून आपण किती खाणं टाकतो ते कळतं. शंखावर पांढरे खड्डे पडायला लागले की पाण्यात कॅल्शियम कमी आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेनाचा नखाएवढा तुकडा टाकावा. ओढ्यातल्या किंवा तळ्यातल्या गोगलगाई आणू नयेत, त्यांच्याबरोबर परजीवी येतात.

आणखी दोन-तीन आठवड्यांनी, मॉसवर पातळ थर दिसू लागला की दहा चेरी कोळंबी. पिशवीतून थेट ओतायच्या नाहीत. त्या पाण्यासकट भांड्यात घ्या, हवेच्या पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला दोन थेंब असं सोडा आणि पाणी तिप्पट होईपर्यंत थांबा. कोळंबी ठरावीक दिवसांनी कात टाकते. पाठीवर चीर पडते, एक झटका, आणि मिशांसकट पारदर्शक कवच मागे राहतं. ते मेलेली कोळंबी समजून काढू नका. ती परत खाते, त्यात कॅल्शियम असतं. पाणी फार मृदू असेल किंवा एकदम बदललं असेल तर कवच नीट सुटत नाही. मानेमागे पांढरी गोल रेघ दिसते, आणि ती कोळंबी सहसा वाचत नाही. म्हणून कोळंबीच्या टाकीत एका वेळी १५ टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नये.

दुसरा शत्रू तांबं. मोरचूद आणि माशांची बरीच औषधं यांत ते असतं. तिसरा डासांचा फवारा. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण खोलीतली हवा ओढणारा पंप ती थेट पाण्यात नेतो. घरात पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पंप बंद करून टाकी झाकावी, किंवा पंप बाल्कनीत नेऊन नळी लांबवावी.

मासे शेवटी. सात-आठ हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा मृदू पाण्याला चांगले. बोअरचं पाणी जास्त असेल तर गप्पी, पण सगळे नर. डास आटोक्यात ठेवायला महापालिका सोडते ते गप्पीच; एक मादी दर महिन्याला पिल्लं देते आणि नर नसतानाही अनेक महिने देत राहते. एंजल, गोल्डफिश आणि बार्ब कोळंबी खातात. रासबोराही कोळंबीची नवजात पिल्लं टिपतात, म्हणून मूठभर मॉस दाट ठेवावं. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यात एक दिवस उपास.

एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर जातं. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० ला साडेसात, आणि पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने त्याहून थोडा कमीच. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर हवा वाढवा, झाकण काढा आणि पृष्ठभागावर टेबलफॅनचा झोत सोडा. दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी नळाचं किंवा आरओचं पाणी घाला, बोअरचं नको, कारण पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. डिसेंबर-जानेवारीत चेरी कोळंबीला काही होत नाही. टेट्रा-रासबोरांसाठी ५० वॉटचा हीटर २४ अंशांवर लावावा.

स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला की क्लोरीनने थर मरतो. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं. छाटलेली झाडं मात्र ओढ्यात, नदीत किंवा पाषाणच्या तळ्यात टाकू नका. मुठेतली जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली शोभेचीच वनस्पती. गच्चीवर चार दिवस कडक वाळवून मग कंपोस्टमध्ये.