पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज हवंय? आधी ते जपून ठेवायला सांगा

ठाण्यात मारहाण झाली किंवा तक्रारच घेतली नाही, तर त्या वेळचं फुटेज कोणताही भारतीय नागरिक माहिती अधिकारात मागू शकतो. कारण सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात नमुना ‘अ’मधला अर्ज आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी माफ, पण पुराव्याची प्रत जोडा.

लोक अडतात ते वेळेत. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात फुटेज 18 महिने, यंत्राची क्षमता नसेल तर किमान 1 वर्ष ठेवायला सांगितलं. त्या भरवशावर थांबू नका. माहिती द्यायला 30 दिवस, मग अपील. तोवर ‘फुटेज शिल्लक नाही’ असं उत्तर हाती पडतं. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ठाणे प्रभारींना पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा. अपिलाच्या वेळी नेमका हाच कागद बहुतेकांकडे नसतो.

अर्जाला एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. झालेला सगळा अन्याय त्यात लिहावासा वाटतो, ते समजू शकतं. पण तिथे फक्त तारीख, वेळ कुठपासून कुठपर्यंत आणि कॅमेऱ्याची जागा लिहा: लॉकअपबाहेर, मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदाराची खोली. ‘का मारलं?’ या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही.

‘तपास सुरू आहे’ म्हणून नकार आला तर खचू नका. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने दाखवायचं असतं; दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच तसं म्हटलं आहे. पहिलं अपील 20 रुपयांचं. उत्तर आलंच नाही तर 30 दिवस संपल्यापासून पुढच्या 30 दिवसांत ते करायचं. उत्तराची वाट पाहत कितीतरी जण ही मुदत घालवतात.

आणि ‘कॅमेरा बंद होता’ असं कळवलं, तर नवा अर्ज करा. बिघाड झाल्याबरोबर ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हास्तरीय देखरेख समितीला कळवणं ठाणे प्रभारींवर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानेच बंधनकारक आहे. त्या पत्राची प्रत मागा. राज्य मानवी हक्क आयोगही फुटेज मागवू शकतो, मात्र तिथली तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करा.