जन आरोग्य योजना: भरती होण्याआधी आरोग्यमित्र गाठा

२०१२ साली 'राजीव गांधी जीवनदायी' म्हणून सुरू झालेल्या योजनेचं नाव २०१७ मध्ये 'महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना' झालं. खेडोपाडी अजून 'जीवनदायी' हेच नाव चालतं. पिवळं, केशरी, अंत्योदय अशा कार्डांसोबत आता पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही योजनेत आहेत आणि २०२४ पासून रुग्णालयातल्या मोफत उपचारांचं संरक्षण दीड लाखाचं पाच लाख झालं आहे. हे पाच लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबाला वर्षाला मिळून आहेत.

यासाठी आगाऊ अर्ज करावा लागत नाही. आजारपण आलं की योजनेत असलेल्या रुग्णालयात जायचं आणि तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या कामासाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसाच्या, टेबलावर रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरचे कागद ठेवायचे. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर निघू नका. एखाद्या ठिकाणी हाडांचे उपचार योजनेत असतात, हृदयाचे नसतात. योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर आजार सांगून आधी विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्या खासगीत योजनेतून होत नाहीत.

सगळ्यात जास्त खोळंबा नावावरून होतो. रेशनकार्डात 'सुनिता' आणि माहेरचं आडनाव, आधारवर 'सुनीता' आणि सासरचं, मग ओळख जुळत नाही. दुसरी अडचण हाताने लिहिलेल्या जुन्या कार्डाची. त्याचा बारा आकडी नंबर ऑनलाइन नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन नोंद करून घ्यावी लागते, आणि हे काम पेशंट खाटेवर असताना करणं म्हणजे घरच्यांचे हाल. घरात कोणी आजारी नसतानाच उरकून टाका. तान्ह्या बाळाचं नाव कार्डात चढलेलं नसलं तरी अडत नाही: बाळाचा जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो आणि पालकांचं रेशनकार्ड द्यायचं.

नोंदणी झाली की रुग्णालय तपासण्यांचे अहवाल जोडून ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. मंजुरी आल्यावरच ठरलेली शस्त्रक्रिया होते. अपघात, हार्ट अटॅक अशा वेळी फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. पण 'आधी पैसे भरू, योजनेचं नंतर बघू' हा हिशेब चुकतो. योजना कॅशलेस आहे, बिल भरून मागाहून परतावा मागायची सोय त्यात नाही. म्हणून भरतीच्या खिडकीवरच 'योजनेतून' असं स्पष्ट सांगा.

मंजूर पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि परतीचं एकवेळचं भाडंसुद्धा येतं. भाडं फारसं कोणी मागत नाही, मागावं. सर्दीतापाची ओपीडी मात्र यात नाही.

डिस्चार्जच्या वेळी एका कागदावर सही घेतात. त्यात 'पैसे घेतले नाहीत' असा मजकूर असेल आणि तुमच्याकडून घेतलेले असतील, तर सही करू नका. पावती हातात ठेवून आरोग्यमित्राकडे तक्रार नोंदवा, तिथे दाद लागली नाही तर १५५३८८ वर. पावतीच दिली नसेल तर रक्कम, तारीख आणि कोणत्या खिडकीवर भरली ते लिहून द्या.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतलं ज्येष्ठांचं उपचार कार्ड) वेगळं काढा. ते आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही.