‘चर्मकार’ या नावातले रसायनशास्त्र

तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याचा उल्लेख येतो. इथून काय निर्यात होते, तर तऱ्हेतऱ्हेचे उत्तम चामडे आणि सुती कापड. ठाण्याचे तलाव सगळ्यांना ठाऊक आहेत, चामड्याबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही.

कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. तसाच चर्मकाराचा चांभार. ‘कर्म’चे प्राकृतात ‘कम्म’ आणि मराठीत ‘काम’ झाले, त्याच वाटेने ‘चर्म’चे ‘चाम’. ‘कार’ म्हणजे घडवणारा. जातिव्यवस्थेने हे नाव हिणवण्यासाठी वापरले, हा उघड अन्याय आहे. नावाच्या घडणीत कमीपणाचा लवलेशही नाही.

महाराष्ट्रात जोडे शिवणे चांभारांकडे आणि कातडे कमावणे प्रामुख्याने ढोर समाजाकडे असे. या ‘कमावणे’चे मूळही ‘कर्म’च. आणि काम खरोखर अवघड! कच्चे कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजेन, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्यांचे प्रथिन. ओले राहिले तर जिवाणू ते कुजवतात, वाळले तर लाकडासारखे कडक होते. म्हणून आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सैल करायचे, खरवडायचे. मग कातड्याची पिशवी शिवून टांगायची, तीत बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरायचा. काढा हळूहळू झिरपतो, तो पुन्हापुन्हा आत ओतायचा.

सालीतले आणि हिरड्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कोलॅजेनच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी जखडून ठेवते. मग जिवाणूंच्या विकरांना शिरकाव करणे कठीण जाते. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून हिरडा आणून चघळून पाहा. तोंड कोरडे, तुरट होते, कारण तेच टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते.

फरक मोजताही येतो. कच्चे कातडे पाण्यात साधारण 65 अंश सेल्सिअसला आक्रसते, सालीने कमावलेले 75 ते 85 अंशांपर्यंत टिकते. 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचे पेटंट घेतले. असे चामडे उकळत्या पाण्यातही तग धरते आणि आठवड्यांचे काम दिवसांत उरकते. पण क्रोमियमयुक्त सांडपाणी नीट शुद्ध करावेच लागते, म्हणून सालीने कमावलेल्या चामड्याला आजही मागणी आहे.